दर चार फुटांना एक इंच उतार

हा लेख जेवताना वाचू नका. आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको. अंकाचे संपादक घरी आले तेव्हाही मी हेच म्हटलं होतं, की साहेब, दिवाळीत लोक चकली खात खात अंक चाळणार आणि त्यात मी संडासाबद्दल लिहू? ते म्हणाले, "सलीमभाऊ, नंदुरबारातल्या निम्म्या घरांत तुम्ही जाऊन आलात, तेही अशा खोलीत जिथं पाहुण्याला कुणी हौसेनं नेत नाही. लिहाच." त्यांना बोलायला काय जातं! पस्तीस वर्षं हे हात कुठं कुठं घातले ते मला माहीत, आणि आता त्याच हातांनी पेन धरायचं म्हणे.

मी प्लंबर. आमच्याकडे मिस्त्रीच म्हणतात. माझे अब्बाही हेच काम करायचे. घरात आम्ही हिंदी बोलतो, गल्लीत अहिराणी, आणि हे लिहितोय ते शाळेतलं मराठी. भाषेत कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. पाइपात चूक झाली तर मात्र मिस्त्रीला अजिबात सांभाळून घेऊ नका. असं मी का म्हणतो ते पुढं येईलच.

सध्या माझं डोकं कशानं फिरत असेल तर पाणी वाचवणाऱ्या कमोडनं. वस्तू चांगली आहे, दोष माणसांत आहे. जुन्या घरांत डोक्यावर लोखंडी टाकी असायची, साखळी ओढली की धाडकन दहा-बारा लिटर पाणी खाली यायचं. नव्या कमोडच्या टाकीवर दोन बटणं असतात. लहान बटण दाबलं की तीन लिटर, मोठं दाबलं की सहा. लहान कामाला लहान, मोठ्या कामाला मोठं. यात न कळण्यासारखं काय आहे? दुसरीतलं पोर समजेल. पण नवापूरचे एक कोंबड्यांचे फार्मवाले शेठ आहेत, ते दोन्ही बटणं एकदम दाबतात. मी म्हटलं, शेठ, एकच दाबायचं. ते म्हणाले, "दोन दिलीत तर दोन्ही दाबणारच ना!" दुसऱ्या एका घरी बाईंनी लहान बटणावर चिकटपट्टी लावून टाकली. का, तर पाहुण्यांना वाटेल घर कंजूस आहे. अरे, पाहुणा आत बसून तुमची दानत मोजतोय का? कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

आणि दिशा! हिंदू घरी गेलो की वास्तूवाले सांगून गेलेले असतात: मिस्त्री, तोंड पूर्वेला नको, उत्तर-दक्षिण करा. आमच्या मोहल्ल्यात गेलो की, मक्का पश्चिमेला म्हणून, चाचा सांगतात: मियाँ, किब्ल्याकडे तोंडही नको, पाठही नको, उत्तर-दक्षिण करा. बाहेर कशावरूनही भांडोत, या एका बाबतीत सगळं गाव एकमतानं उत्तर-दक्षिण बसलेलं आहे. फक्त जमिनीतली लाईन पूर्व-पश्चिम असते आणि ती वळवायची मिस्त्रीनं. प्रत्येक वळणाला पाण्याचा जोर मरतो हे सांगायला गेलं, की मिस्त्री फार बोलतो.

एकदा धडगावला एका विश्रामगृहासाठी कमोड न्यायचा होता. टेम्पो मिळेना, म्हणून जीपमध्ये टाकला. घाटाची जीप कशी भरते ते गेलेल्यालाच ठाऊक. पुठ्ठ्यात गुंडाळलेला कमोड मधोमध, आणि जागा नाही म्हणून एक पावरा आदिवासी म्हातारबाबा सरळ त्याच्यावर बसले. मी ओरडणार होतो, पण विचार केला, वस्तू बसण्यासाठीच आहे. बाबांनी विचारलं हे काय आहे. मी मोठ्या तोऱ्यात सगळं समजावलं, दोन बटणं, तीन लिटर, सहा लिटर, पाण्याची केवढी बचत. जीपमधले सगळे ऐकत होते. बाबांनी शांतपणे विचारलं, "आणि हे पाणी वाहून कोण आणणार?" मी म्हटलं, नळानं येतं. ते म्हणाले, "आमच्याकडं बाया आणतात. म्हणून आम्हाला लोट्यात भागतं." मी हसून सोडून दिलं. तेव्हा तो प्रश्न माझ्यासाठी नाही असंच मला वाटलं होतं.

आता जिजीचं सांगतो. खरं तर हेच सांगायचं होतं, वरचं सगळं मी टाळाटाळ म्हणून लिहिलं.

जिजी म्हणजे आमच्या जुन्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई. गल्लीत सगळेच त्यांना जिजी म्हणतात, मीही. मालक तलाठी होते, त्यांना सगळे नाना म्हणायचे. ते जाऊन सहा-सात वर्षं झाली. मुलगा प्रकाश सुरतला, कापडाच्या कारखान्यात मॅनेजर. जिजी एकटी राहते. अहिराणीत आईलाही तू म्हणतात, तसं मीही जिजीला तू म्हणतो.

उन्हाळ्यात प्रकाशचा फोन आला. "सलीमभाऊ, आईचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात उकिडवं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. अन् ती त्या जुन्या भांड्यावर बसते, वर बादल्या उचलते. तुम्ही कमोड बसवा, कमी पाण्याचा. बादली बंद झाली पाहिजे. मी कानबाईला येईन तेव्हा बघेन. जमलं असेल तर ठीक, नाहीतर तिला सुरतला घेऊन येतो, या वेळी मी ऐकणार नाही."

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशात श्रावणात बसणारी देवी. नारळाला सजवून मांडतात, सगळे भाऊबंद गोळा होतात, गव्हाचे रोट करतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत विसर्जन. जिजीच्या घरची कानबाई मोठी. रोटांची चूल मागच्या अंगणात मांडतात आणि त्या चुलीपुढं जिजीशिवाय कुणाचं चालत नाही.

मी मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा जिजी उंबऱ्यावर बसली होती. म्हणाली, "भाऊ, हाई भांडं चालनं पाहिजे हं. नही तं परकाश माले सुरतले लई जाई. तठे सातवा मजला शे. खाले दखं तं चक्कर येस. दिवसभर मी कोनासंगे बोलू?" मी म्हटलं, जिजी, कुणी नेत नाही तुला, मी बसवलेलं भांडं चालणार नाही असं होईल का? तोंडातून निघून गेलं खरं.

घर तसं माझ्या ओळखीचं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी तिथला संडास मीच बांधला होता, आणि ती माझी पहिली एकट्याची लाईन. अब्बा तेव्हा धानोऱ्याच्या कामावर होते, मला म्हणाले तू कर. पुढं कितीतरी वर्षं त्या गल्लीतून जाताना मी सोबतच्याला सांगायचो, हे माझं काम, एकदा तक्रार आली नाही.

जुनं भांडं फोडलं, फरशी नीट केली, कमोड बसवला. दोन दिवसांचं काम. जिजीला बटणं दाखवली. तिनं मोठं बटण दाबलं, पाणी गेलं, आणि बाई लगेच मोरीकडं वळली. मोरी घराच्या पुढच्या बाजूला. तिथून पत्र्याची भरलेली बादली दोन्ही हातांनी उचलून, भिंतीला टेकत, दोन पायऱ्या उतरून ती मागं आली आणि कमोडमध्ये ओतली.

माझं डोकंच सटकलं. "जिजी! काय करी ऱ्हायनी? बादली टाकाले नको म्हनीसन तं हाई बसाडं ना! पानी वाया जास!"

"वाया कोठे जास?" ती म्हणाली. "हाई धुनानं पानी शे. कपडासनं शेवटलं पानी मी फेकस नही, आठे टाकस."

"धुनानं ऱ्हावो नही तं गंगानं ऱ्हावो, टाकू नको!"

"अरे पन तूच सांगेल शे ना भाऊ, बादली टाकत जा म्हनीसन."

मी हसलो. म्हातारी माणसं काहीही म्हणतात. म्हटलं, जिजी, मी आयुष्यात कुणाला बादली टाका असं सांगितलेलं नाही, उलट टाकू नका म्हणून घसा बसलाय माझा. आणि जाताना ती बादली उचलून माळ्यावर ठेवून दिली, तिचा हात पोचणार नाही अशी. मोठं शहाणपण केलं असं वाटलं.

दहाव्या दिवशी फोन. तुंबलं.

गेलो. बांबूची लांब पट्टी घातली, मोकळं केलं. माझ्या अनुभवात दहातली नऊ तुंबणी माणसांच्या करणीची असतात. मी या हातांनी संडासातून काय काय काढलंय, नेलकटर, शाळेचं प्रगतिपुस्तक, एकदा तर अख्खी कवळी. म्हणून जिजीला विचारलं, काय टाकलंस? चिंधी? नारळाच्या शेंड्या? ती शपथा घेत होती, "माय वं, मी काहीच नही टाकं." मला काही पटलं नाही. पुढच्या आठवड्यात परत फोन. परत पट्टी, परत माझी बडबड. शेजारची पोरं येतात का? भाताची पेज ओततेस का? मोठं बटण दाबतेस की लहानावरच भागवतेस? ती बिचारी प्रत्येकाला नाही म्हणत होती आणि मी प्रत्येक नाहीवर जास्त चिडत होतो. तिसऱ्या वेळी तर मी सरळ म्हणालो, जिजी, तुला कमोड वापरता येत नाही. असं बोललो मी. सत्तरी ओलांडलेल्या बाईला.

मग पंधरा-वीस दिवस फोनच आला नाही. म्हटलं बघा, झापलं की माणसं बरोबर सुधारतात.

आषाढात त्याच गल्लीत दुसऱ्या कामाला गेलो होतो, सहज डोकावलो. जिजी खाटेवर आडवी, दिवसाढवळ्या. ओठ कोरडे, फुटलेले. उठून माझ्यासाठी चहा केला, पण एकच कप. मी म्हटलं, तुझा? "माले नको." पाणी तरी पी. "नको." मी जरा खोलात शिरलो तेव्हा कसंबसं बोलली, "पानी पिनं तं जानं पडस. गयी का तुंबस. तुंबनं का तू चिडस. अन् परकाशले समजनं तं तो लई जाई." सकाळी पायरीवर तिला घेरी आली होती. ते तिनं प्रकाशला कळू दिलं नव्हतं, शेजारणीलाही बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

आपलीच मोरी अन् मुतायची चोरी म्हणतात ना, ती म्हण मी लहानपणापासून हसत म्हणत आलोय. त्या दिवशी ती समोर खाटेवर पडलेली बघितली. मला माझी लाज वाटली, दुसरा शब्द नाही. बाई माझ्या भीतीनं तहानलेली राहत होती.

मी मागं जाऊन झाकणं उघडली. इथं थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. संडासातून निघालेली लाईन आधी एका लहान चौकोनी खड्ड्यात येते, त्याला चेंबर म्हणतात, वळण असलं तर तिथं आणखी एक, आणि तिथून पुढं सेप्टिक टाकीत जाते. लाईन उतरती हवी. चार इंची पाइपाला दर चार फुटांना एक इंच उतार, हे अब्बांनी मला नमाजाच्या आधी शिकवलं असेल. उतार कमी पडला तर घाण वाटेत बसते. जास्त झाला तरी वाईट, पाणी पळून जातं आणि माल मागं राहतो. घाणीला पाण्यासोबत चालू द्यायचं, एवढीच सगळी विद्या आहे.

दुसरं चेंबर उघडलं तर टाकीकडं जाणाऱ्या पाइपात पाणी उभं. वापर नसताना पाणी उभं म्हणजे पाइप पोटात खाली गेलेला किंवा उताराला उलटा. मी मनात म्हटलं, कुठल्या गाढवानं टाकली ही लाईन? आणि पुढच्याच क्षणी आठवलं कुठल्या गाढवानं टाकली ते.

दुसऱ्या दिवशी एक मजूर घेतला आणि खोदलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांची उंची बघतात, ती लेव्हलची नळी लावली. शेवटचे बारा फूट सपाट. सपाट काय, टाकीच्या तोंडाशी बोटभर चढ. खाली काळा खडक दिसला आणि खडकावर छिन्नीच्या चार-पाच खुणा. त्या खुणा बघितल्या आणि सगळा दिवस डोळ्यांपुढं आला.

लाईन सरळ गेली असती तर टाकी जवळ होती. पण मधे रोटांची चूल मांडायची जागा. नाना म्हणाले होते, सलीम, कानबाईच्या चुलीखालून घाण जायची नाही, वळसा घाल. बरोबर होतं त्यांचं, देवाचं काम. मी वळसा घातला. लाईन लांबली, दोन वळणं वाढली, उतार संपत आला आणि शेवटी खडक लागला. छिन्नीचं टोक तुटलं. दुपार झालेली, हाताला फोड आलेले, अब्बा सोबत नाहीत. खडक आणखी वीतभर फोडायला हवा होता. मी फोडला नाही. पाइप तसाच खडकावर टेकवला, वरून सिमेंट लावलं आणि माती लोटली. संध्याकाळी साखळी ओढून बघितली. कागदाचे ओले गोळे टाकलेले, ते अर्ध्यात अडकले. मग मी वरून एक भरलेली बादली ओतली, गोळे भुर्रकन गेले. नाना आणि जिजी दोघंही उभे होते. मी छाती फुगवून म्हणालो, "जिजी, वरतून एक बादली टाकत जा. मंग काही तक्रार नही."

तक्रार आली नाही, कारण जिजीनं बादली टाकली. एकदोन दिवस नव्हे. आपल्यासाठी, नानांसाठी, प्रकाशसाठी, नानांच्या आजारपणातल्या तीन वर्षांत तर दिवसातून कितीदा. मोरीतून मागं, दोन पायऱ्या उतरून. माझ्या कामाची जी वाहवा मी गल्लीत सांगत फिरलो, ती तिनं उचलून धरलेली होती. आणि मी त्याच बादलीवरून तिला ओरडलो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं तर अंगण मीच वाकडं केलं होतं आणि वर नाचणारीला बोल लावत होतो.

नेमका त्याच वेळी प्रकाशचा फोन आला. जिजी त्याला काही बोलली नव्हती, पण शेजारणीच्या तोंडून तुंबल्याचं त्याच्यापर्यंत गेलंच होतं. "सलीमभाऊ, ते कमी पाण्याचं मॉडेलच भिकार आहे का? तसं असेल तर तसं सांगा. मी आईची बॅग भरायला सांगतो."

खोटं कशाला बोलू, जीभ वळवळली. हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. कमोडला काय, तो थोडाच बोलणार होता? कमोड बदनाम झाला असता, माझं नाव शाबूत राहिलं असतं आणि जिजी सातव्या मजल्यावर गेली असती. मी म्हटलं, "प्रकाशभाऊ, भांडं चांगलं आहे. दोष दुसरीकडं आहे, कानबाईआधी काढतो." आणि फोन ठेवला. पुढचं बोलायचं धैर्य फोनवर झालं नाही.

जिजी मागच्या दारात काठी टेकून उभी होती. तिला सांगितलं. हातात लेव्हलची नळी तशीच. म्हटलं, जिजी, बादलीचं मीच सांगितलं होतं. लाईन माझी चुकली होती. तुझ्याकडून इतकी वर्षं मी फुकट बादल्या उचलून घेतल्या.

ती खड्ड्याकडं बघत राहिली. मला वाटलं रडेल किंवा शिव्या घालेल, मी दोन्हीला तयार होतो. तिनं विचारलं, "आते काय करशी?"

मी म्हटलं, तेच अवघड आहे. हा खडक फोडायला माणसं, मशीन, आठ-दहा दिवस लागतील, कानबाई तोंडावर आहे. दुसरा मार्ग सरळ आहे, पहिल्या चेंबरपासून थेट टाकीत. पण तो चुलीच्या जागेखालून जातो. नानांनी नको म्हटलं होतं. तूही म्हणणार नाहीस.

जिजीनं काठीनं अंगणात दोन हात पलीकडं दाखवलं. "चूल काय जमीनमा गाडेल शे का? दर साल नवी मांडतस. तठे मांडसूत."

मी विचारलं, "जिजी, मंग त्या येळले काबर नही सांगं?"

"माले कोनी इचारं?" ती म्हणाली. रागानं नाही, जशी भाजीचा भाव सांगते तशी. म्हणाली आणि आत गेली.

मी मजुराला म्हटलं, जरा बस. मीही खड्ड्याच्या काठावर बसलो. नाना आणि मी, दोघं शहाणे पुरुष, त्या दुपारी इथं उभे राहून देवीचा, चुलीचा, पाइपाचा निर्णय करत होतो. जी बाई चूल मांडणार होती आणि जी बाई संडास धुणार होती, ती चार हातांवर दारात उभी होती. एक शब्द विचारला असता तर ही बादली या घरात आलीच नसती. जीपमधले बाबा आठवले. त्यांनी तर सरळच विचारलं होतं.

सरळ लाईन खोदायला घेतली. पावसानं दोन दिवस उघडीप दिली. आणि माझ्या जखमेवर मीठ चोळायचंच ठरलेलं असावं, सरळ वाटेत खडक लागलाच नाही. नुसता मुरूम, कुदळीनं निघणारा. मी प्रत्येक जोडाला नळी लावली. दर चार फुटांना एक इंच. मजूर वैतागला, म्हणाला, चाचा, कितीदा बघणार? मी म्हटलं, तू खोद.

मग कागदाचे ओले गोळे केले, कमोडमध्ये टाकले आणि जिजीला म्हटलं, दाब. मोठं बटण. ती दाबायला तयार होईना, मलाच दाब म्हणाली. मी नाही म्हटलं. शेवटी तिनं दाबलं. मी मागं चेंबरवर वाकून उभा होतो. सहा लिटर पाणी आणि सगळे गोळे समोरून सळसळत टाकीत गेले. तिनं आतून ओरडून विचारलं, "गयं का?" मी म्हटलं, "गयं!" परत दाबलं, परत विचारलं. पाच-सहा वेळा तिनं दाबलं असेल, पाणी वाचवायचा कमोड आणि मी एकदाही नको म्हणालो नाही. मग ती माठाकडं गेली, तांब्या भरला आणि उभ्या उभ्या सगळा प्यायली. मी मान फिरवून हत्यारं गोळा करायला लागलो, डोळे भरून आले होते.

कानबाई झाली. चूल दोन हात पलीकडं मांडली, देवीनं काही हरकत घेतली नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी लाईन बघायला म्हणून गेलो. खरं तर प्रकाशला तोंड दाखवायचं होतं. त्याला उभ्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो तापला, तापणारच. "म्हणजे आईचे गुडघे..." एवढं बोलून थांबला. जिजी आतून म्हणाली, "परकाश, तुन्ही गाडीनी येळ व्हयनी." त्यानं पिशवी उचलली, तिच्या पाया पडला आणि एकटाच स्टेशनला गेला.

मी निघायला लागलो तेव्हा जिजी म्हणाली, माळ्यावरची बादली काढ आणि तूच घेऊन जा, माझ्या घरात नको. मी काढली. पत्र्याची, वजनदार, बुडाचं भोक डाग देऊन बुजवलेलं, कडी मधोमध झिजून बारीक झालेली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "जिजी, बादली मजबूत शे हं. तीस साल टिकनी."

जिजी उंबऱ्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"हाई चौथी शे," ती म्हणाली.